गोदाकाठचे मणी

गेल्या वर्षी शाबानमध्ये आम्ही दोघी बहिणी अम्मीसोबत नाशिकच्या सराफ बाजारात गेलो होतो. आमच्यातली थोरली, म्हणजे आपा, तिच्या निकाहसाठी जपून ठेवलेले सोन्याचे डूल अब्बांच्या उपचारासाठी मोडायचे होते. परतताना भद्रकालीतून दूध बाजारापर्यंत कोणी काही बोलले नाही.

घरी आल्यावर आपा म्हणाली, “सोन्याचे नाही तर नाही, आपण दुसरे करून विकू.”

आधी आम्ही कुंभारवाड्यात चौकशी केली. पण मातीचे दागिने भाजायला भट्टी लागते, ती आमच्या दोन खोल्यांत कुठून येणार? मग पॉलिमर क्लेची माहिती मिळाली. नावात माती असली तरी ही माती नव्हे. पीव्हीसी प्लॅस्टिक, ते मऊ ठेवणारे द्रव्य आणि रंग यांचे हे मिश्रण. नुसत्या हवेवर ते वाळत नाही, ओव्हनमध्येच पक्के होते. जर्मनीत बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या केटे क्रूझे यांच्या मुलीने असे मिश्रण तयार केले होते. तिचे लाडके नाव फिफी. त्यातूनच ‘फिमो’ हे नाव आले.

आम्ही ५७ ग्रॅमच्या चार वड्या आणल्या. मळून, लाटून, बाटलीच्या झाकणाने गोल कापून, टूथपिकने भोके पाडली. पहिला घाणा नानखटाईच्या ओव्हनमध्ये ठेवला आणि उष्णता अंदाजाने वाढवली. डूल करपले, घरभर झोंबणारा धूर झाला. अब्बा खोकू लागले. अम्मीने खिडक्या उघडल्या, त्यांना बाहेर नेले आणि आम्हाला एवढेच म्हणाली, “ज्यांच्यासाठी करताय, त्यांच्याच श्वासावर उठलात.”

ती खरेच बोलली. पाकिटावर स्पष्ट लिहिले होते: ११० अंश, ३० मिनिटे. जास्त तापले की हे प्लॅस्टिक करपते आणि त्यातून घातक वायू निघतो. आता जुना वेगळा ओव्हन गच्चीवरच्या खोलीत आहे, आत थर्मामीटर आहे. त्या ओव्हनमध्ये, त्या लाटण्याने खाण्याचे काही होत नाही.

नाशिकला मणी नवे नाहीत. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळाच्या वस्तूंत मणीही सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी इथे कोणीतरी असेच भोके पाडत बसले असेल, असे मनात येते.

यंदाच्या रमजानमध्ये ओळखीच्या दुकानाबाहेर आम्ही एक छोटा टेबल मांडला. एका बाईंनी सहा जोड निवडले आणि विचारले, “अस्सल मातीचे ना?” आमची नजर आपाकडे गेली. ती म्हणाली, “नाही खाला, प्लॅस्टिकचे आहेत. पण हलके आहेत, कान ओढत नाहीत.” बाईंनी सहाही जोड खाली ठेवले आणि गेल्या.

चाँदरातीला त्या परत आल्या, सोबत दोन सुना होत्या. नऊ जोड घेतले.

मोडलेले डूल त्या पैशांत परत येणार नव्हते. अब्बांची दोन महिन्यांची औषधे मात्र आली. ती बाटल्यांची पिशवी आपाने स्वतः उचलून घरी आणली.