आवाजाच्या टप्प्यात

नकाशा, होकायंत्र, घड्याळ, शिटी, दोन ते पाच माणसे आणि चोवीस तास. रोगेनिंग या खेळाला मुख्यतः एवढेच लागते. 1947 पासून मेलबर्न विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबात चोवीस तासांची चाल भरत असे. तिच्या परंपरेतून 1976 साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात या खेळाला नाव आणि नियम मिळाले. डोंगरझाडीत जागोजाग केशरी-पांढऱ्या खुणा टांगलेल्या असतात. प्रत्येक खुणेला ठरावीक गुण असतात, लांबच्या आणि अवघड खुणांना जास्त. नकाशा निघण्यापूर्वी दोन-तीन तास हातात येतो. त्या वेळात कुठल्या खुणा गाठायच्या, कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या जड मनाने सोडून द्यायच्या, हे संघाने ठरवायचे. परतायला उशीर झाला की मिनिटागणिक गुण कापले जातात, आणि अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाला तर सगळी पायपीट बाद. या नियमांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एकत्र राहण्याचा. संघातल्या सगळ्यांनी पूर्ण वेळ एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात असले पाहिजे, आणि प्रत्येक खुणेच्या वीस मीटरांच्या आत सर्वांनी एकाच वेळी पोहोचले पाहिजे. एकाने पळत जाऊन गुण आणायचे आणि बाकीच्यांनी झाडाखाली बसायचे, हे चालत नाही. माझे म्हणणे असे, की या एका अटीमुळे पायांचा खेळ विचारविनिमयाचा होतो, आणि त्यामुळेच तो माणसाला लहानपणापासून म्हातारपणापर्यंत पुरतो.

विचारविनिमयाची गरज का पडते, हे समजायला यान साउमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात त्यांनी लोकांना सरळ एका दिशेने चालायला सांगितले. सूर्य दिसत होता तोवर लोक सरळ चालले. ढगाळ दिवशी जंगलात मात्र ते गोल फिरले. काहींनी तर स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा काहींची वर्तुळे वीस मीटर व्यासाइतकी लहान झाली. आपल्याकडे रात्री रानात असे फिरत राहिलेल्या माणसाला चकवा लागला म्हणतात, आणि अशा वेळी उजाडेपर्यंत जागीच बसून राहावे असे जुनी माणसे सांगतात. भुताचा भाग सोडला तरी त्या सल्ल्यातले शहाणपण पक्के आहे. दिशेची आतली जाणीव बिघडते तेव्हा ती तसे कळवत नाही, आपण बरोबरच चाललो आहोत असे वाटत राहते. म्हणून चकव्यातून सुटायला बाहेरचा आधार लागतो. चंद्र, होकायंत्राची सुई, किंवा बरोबर चालणाऱ्याचा ‘थांबा, ओढा डाव्या हाताला असायला हवा होता’ हा आवाज.

नकाशावाचनाची तंत्रेही चूक गृहीत धरूनच बेतलेली असतात. समजा, खूण ओढ्याकाठी आहे आणि अंधारात अर्धा किलोमीटर रान तुडवून तिथे जायचे आहे. नवखा संघ नेमका खुणेवर रोख धरतो. ओढ्याला लागल्यावर खूण दिसली नाही, की वर जावे की खाली, हे त्याला कळत नाही. अनुभवी संघ मुद्दाम थोडा उजवीकडे रोख धरतो. ओढा लागला की डावीकडे वळायचे, एवढे मग नक्की असते. सुई किती हलते, पाय किती भरकटतात, याचा हिशेब निघण्याआधीच मांडलेला असतो. कामेही वाटून घेतलेली असतात. एकाच्या हाती नकाशा, दुसऱ्याच्या हाती होकायंत्र, तिसरा पावले मोजतो. सोंड उतरून खिंडीत येण्याचा अंदाज तीनशे पावलांचा होता आणि चारशे झाली, हे सांगणे त्या तिसऱ्याचे काम. नकाशा धरणारा आपल्या कल्पनेत रमलेला असतो. समोरची घळ नकाशातल्या घळीसारखी भासू लागली, की तो बाकीचा डोंगरही तसाच बसवून घेतो. आकडा बोलणारा माणूस त्याला त्यातून बाहेर काढतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. चार माणसे एकत्र असली म्हणजे चूक टळते असे कुठे आहे? उलट चौघे मिळून अधिक ठामपणे चुकतात. अमेरिकेतल्या इयन मकॅमन यांनी हिमस्खलनाच्या शेकडो अपघातांचा अभ्यास केला. धोक्याच्या खुणा समोर असतानाही माणसे पुढे गेली, कारण गटात कोणीतरी जाणकार समजला गेला होता, किंवा दुसरे तिथे आधीच गेलेले दिसत होते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळे माझा मुद्दा बळकटच होतो. गट आपोआप शहाणा होत नाही. शंका बोलून दाखवण्याची आणि ऐकून घेण्याची सवय त्याला लावावी लागते. ही सवय लागण्यासाठी चुकीची किंमत लगेच, स्पष्ट आणि सोसण्याजोगी असावी लागते. हिमाच्या उतारावर ती जिवाची असते. इथे ती तासाभराच्या पायपिटीची असते, आणि ती सगळ्यांना सारखी भरावी लागते. पहाटे तीनला दमलेल्या माणसाने ‘मला पटत नाही’ म्हणणे आणि पुढच्याने न चिडता थांबणे हे सोपे नाही. पण ते पुन्हा पुन्हा करायची संधी देणारी जागा मला फार थोडी माहीत आहे.

दुसरा आक्षेप जोरकस गड्यांचा असतो. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पायाने का चालायचे? मला हे बंधन न्याय्य वाटते, कारण सहकाऱ्याची ताकद ओळखून बेत आखणे हाच तर या खेळाचा गाभा आहे. ज्याचा गुडघा उतारावर दुखतो त्याच्यासाठी धारेवरून जाणारी लांब वाट निवडणारा संघ पहाटेपर्यंत टिकतो. वयाचा प्रश्न इथेच सुटतो. चौदा वर्षांखालच्या मुलाबरोबर प्रौढ असेल तर तोही उतरू शकतो. पुढे संघातले सगळे चाळिशीपार असलेल्यांचा, मग पंचावन्नच्या वरच्यांचा, मग पासष्टच्या वरच्यांचा असे वेगळे गट असतात. मुलाला पहिल्यांदा कळते, की कागदावरच्या वेड्यावाकड्या रेषा म्हणजे पायाखालचा चढ. विशीत अंगात दम असतो आणि धीर कमी. पुढे दम ओसरतो, पण कुठली खूण सोडायची याची समज वाढलेली असते. बहुतेक मैदानी खेळ वय झालेल्याला प्रेक्षकांत बसवतात. इथे त्याच्या हाती नकाशा राहतो, आणि या खेळावरच्या माझ्या प्रेमाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

राहिला उपग्रहाचा प्रश्न. खिशातला फोन आपली जागा दाखवत असताना या खेळात जीपीएसवर बंदी कशाला? वाट चुकलेल्याने फोन जरूर वापरावा, त्यात कमीपणा नाही. पण फोन उत्तर देतो, कारण सांगत नाही. लंडनमध्ये टॅक्सीचालक व्हायचे तर शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनर मग्वायर आणि सहकाऱ्यांनी अशा उमेदवारांचा काही वर्षे माग ठेवला, तेव्हा उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूतला स्थळस्मृतीशी निगडित भाग वाढलेला आढळला, अनुत्तीर्णांचा नाही. शहरातले पाठांतर आणि रानातला अंदाज एक नव्हेत, हे खरे. तरी स्थळाचे भान कसरतीने घडते, इतके म्हणायला हा पुरावा पुरे. शिवाय पडद्यावर निळा ठिपका आला की संघातली चर्चा संपते.

महाराष्ट्रात डोंगर चढणारी माणसे थोडी नाहीत, आणि सोंड, नाळ, खिंड, ढोरवाट हे सगळे त्यांच्या बोलण्यात रुळलेले आहे. पण आपली भटकंती बहुधा वाटाड्याच्या, बाणांच्या किंवा फोनमध्ये उतरवलेल्या मार्गाच्या मागून होते. गटातला एकच जण वाट जाणतो, बाकीचे त्याच्या पाठीवरची पिशवी पाहत चालतात. सह्याद्रीच्या कड्यांवर रात्रीचा असा खेळ भरवणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण देशावरच्या मोकळ्या, मुरमाड टेकड्यांवर, गावकऱ्यांची आणि वनखात्याची परवानगी घेऊन, पिके निघाल्यावर, दिवसाउजेडी सहा तासांचा खेळ सहज भरवता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे 2017 पासून नागरिकांना विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांवर तपशील कमी पडेल, तो क्लबांनी पायी हिंडून भरावा. पहिल्या वर्षी वीस खुणा पुरतील, आणि संघ तिघांचे असावेत, म्हणजे कोणालाही नुसते मागून चालता येणार नाही.