फायबरच्या गाडीचं लोखंडी पोट

लातुरात गाडी गंजते म्हटलं की लोक हसतात. गंज म्हणजे कोकणातला नाहीतर मुंबईतला रोग. आपल्याकडे प्यायला पाणी नाही, तिथे गंजायला कुठून येणार, असा साधा हिशेब. त्यात माझी गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीटची, उघड्या टपाची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन असलेली ही देशी स्पोर्ट्स कार नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली आणि फारशी कुणाच्या नजरेत न भरता गेलीही. तिची बॉडी फायबरची. त्यामुळे शेजारच्या काकांनी निकाल देऊन टाकला : "फायबरला कसला आलाय गंज? गच्चीवरची टाकी गंजती का कधी?"

टाकी गंजत नाही, पण टाकीखालचं लोखंडी स्टँड गंजतं, हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं. स्टॉर्मचंही तसंच. वरचा डौल फायबरचा, पण तो ज्यावर बसतो ती चासी, सस्पेन्शनचे आर्म, सायलेन्सर, ब्रेकचे पाइप हे सगळं लोखंड. उलट साध्या गाडीपेक्षा फायबरवाली जास्त फसवी. पत्र्याच्या गाडीला दाराखाली फोड येतात, रंग फुगतो, मालक जागा होतो. फायबरला फोड येत नाहीत. खाली काय चाललंय ते खाली वाकल्याशिवाय कळत नाही, आणि ही गाडी एवढी बुटकी की वाकूनही भागत नाही, आडवंच व्हावं लागतं.

गाडी मी गोव्याहून आणली. आधीच्या मालकाचं घर समुद्राजवळ. त्याने मोठ्या अभिमानाने गाडीखाली टॉर्च मारून दाखवला होता : काळंकुळीत, जाड, रबरासारखं अंडरकोटिंग, कुठे डाग नाही. उन्हाळ्यात गाडी लातुरात आली तेव्हा सगळं ठीक होतं. आषाढात मात्र गाडीखालच्या फरशीवर तपकिरी पोपडे पडायला लागले. झाडले की दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे. विशेष म्हणजे त्या आठवड्यात गाडी बाहेर काढलीच नव्हती. पावसाचा थेंबही तिच्यावर पडला नव्हता.

लातुरात नव्या गाड्यांचे कारागीर भरपूर आहेत, पण जुन्या लोखंडाचं ज्ञान ट्रकवाल्यांकडे असतं, आणि जुन्या ट्रकांचा खरा वैद्य नांदेडला. म्हणून चाकूर, अहमदपूर, लोहा करत निघालो. रस्ता आता चांगला झाला आहे, पण गावोगावचे गतिरोधक बुटक्या गाडीचे वैरी. कितीही तिरकी घातली तरी एखाद्या ठिकाणी पोट घासतंच, आणि तो खर्रर्र आवाज थेट आपल्याच बरगड्यांतून निघाल्यासारखा वाटतो. माळेगावच्या अलीकडे एका ट्रॅक्टरवाल्याने शेजारून जाताना विचारलं, "ही अर्धीच घेतलाव का, उरलेली कुठंय?"

नांदेडचे सरदारजी वयाने सत्तरीकडे झुकलेले, मराठी अस्सल नांदेडची. गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले, आणि टॉर्चसुद्धा न लावता छोट्या हातोडीने चासी वाजवायला लागले. ठण, ठण, ठण. मग एका ठिकाणी भद्द. तिथेच थांबले. पुन्हा भद्द. मला खाली बोलावलं.

"सर, डोळ्यानं बघू नका. आवाज ऐका."

त्यांनी पेचकसाचं टोक त्या काळ्या कोटिंगखाली सारलं आणि जरा उचकटलं. वीतभर लांबीचा रबरी पापुद्रा सोलून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा थर जसाच्या तसा चिकटलेला, आणि तो ओला होता. बोटाला पाणी लागलं. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट वाढतं; तो फुगतो, कोटिंग आतून उचलतो, त्या फटीतून आणखी पाणी घेतो. वरून मात्र सगळं काळं आणि सुंदर. कोटिंग करणाऱ्याने गंज खरवडलाच नव्हता, त्याच्यावरच फवारा मारला होता. घासलेल्या किंवा दगड लागलेल्या जागेतून पाणी आत गेलं आणि तिथेच कोंडलं.

पण लातुरात, बंद शेडमध्ये, हे पाणी आलं कुठून? मिठाने आणलं. समुद्राकाठी गाडी राहिली की मीठ सांध्यांत आणि चासीच्या पोकळ नळ्यांत जाऊन बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरायला लागतं, आणि खारट पाण्यात गंजाचा वेग वाढतो. मे महिन्यात लातूरची हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा सगळं गपगार; आषाढातल्या दमट रात्रींनी ते काम पुन्हा सुरू केलं.

"मीठ निघाल्याबिगर रंगाला हात लावायचा नाही," सरदारजी म्हणाले. "गोड्या पाण्यानं धुवा. आतनं, नळ्यांतनं. बोअरचं पाणी नको."

लातूरकराला हे सांगणं म्हणजे चेष्टाच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून अंगणात पाइप सोडून गाडी धुणारा माणूस दिसला की आमच्याकडे अजून माना वळतात. आणि बोअरचं पाणी असं क्षारांचं की वाळलं की काचेवर पांढरे ठिपके राहतात. शेवटी गच्चीवरचं पावसाचं पाणी कामी आलं. छतावरून टाकीत साठवलेलं ते पाणी वापरून दाराखालची, चासीची भोकं मोकळी करत नळ्या आतून धुतल्या. पहिलं पाणी चहासारखं निघालं. नितळ पाणी येईपर्यंत धुतलं, आणि सगळं पाणी बादलीत धरून गच्चीखालच्या गुलमोहराला घालायला निघालो तर बायकोने अडवलं. खारट आहे ना ते? बरोबर होतं.

मग गाडी पुन्हा नांदेडला. रबर सगळं सोललं, तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने घासलं. ठिसूळ झालेला एक तुकडा कापून नवा वेल्ड केला. जिथे ब्रश पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला. हे बघायला मजा येते : तांबूस गंज डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. त्या द्रावणातलं टॅनिन गंजाशी संयोग पावून स्थिर काळं संयुग तयार करतं. जुने लोक हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तिचा काळेपणाही याच जातीचा. त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर पातळ रंग. सायलेन्सर, ब्रेक आणि रबरी बुश कागदाने झाकून ठेवले होते. पोकळ नळ्यांत बारीक नळीने पातळ मेण फवारलं. पाणी निथळायची भोकं मात्र उघडी ठेवली. ती बुजवली असती तर सगळं मुसळ केरात.

रबरी कोट पुन्हा मारायचा नाही यावर आमचं एकमत झालं. मेणाचा थर मऊ असतो, दर पावसाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो, त्याला धूळ चिकटते, दिसायला गबाळा. पण त्याच्या आत काय चाललंय ते दिसतं.

तंटा झाला तो जळक्या ऑइलवरून. सरदारजींच्या मते वरून इंजिनातलं जुनं ऑइल फवारलं की काम पक्कं. त्यांचे ट्रक तसेच टिकले. मी नाही म्हणालो. त्या ऑइलात इंजिनातली आम्लं आणि धातूचा कीस असतो, रबरी बुश त्याने फुगतात, आणि ते गळून जिथे गाडी उभी तिथली जमीन नासवतं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. हा मुद्दा त्यांनी अजून सोडलेला नाही.

कोटिंगपेक्षाही मला आता जास्त भीती काळ्या मातीची वाटते. पावसाळ्यात शेताच्या कडेने गेलं की ती मडगार्डच्या आत थापली जाते. ही चिकणी माती पाणी धरून ठेवते. वरून वाळलेली दिसते, फोडली की आत ओल, आणि ती ओल आठवडाभर लोखंडाला चिकटून. ती धुवायची तर पुन्हा पाण्याचा प्रश्न. म्हणून मी धूत नाही. ऊन पडलं की बांबूच्या कामटीने खरवडतो, टायरवाल्याकडे जाऊन सांध्यांत कॉम्प्रेसरची हवा मारतो. टायरवाल्याला आधी हे वेड वाटलं. आता तो त्याच्या स्वतःच्या टेम्पोलाही हवा मारतो.

काकांनी मध्यंतरी नवी गाडी घेतली. शोरूममध्ये त्यांना अंडरकोटिंगचं पॅकेज गळ्यात मारायला बघत होते, म्हणून विचारायला आले. मी म्हटलं, हल्लीच्या गाडीचा सांगाडा कारखान्यातच रंगाच्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यापर्यंत प्रायमर चढवून येतो. लातुरात एवढ्यात काही करायची गरज नाही, चिखल तेवढा काढत जा. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि पॅकेजही घेतलं.