ओचानोमिझूची वाद्यपेठ

प्रत्येक मोठ्या शहरांत एकेका जिनसाची एकेक पेठ असते, आणि त्या पेठेंत निवांत एक फेरी मारली म्हणजे शहराच्या स्वभावाचें जें ज्ञान होतें तें दहा प्रेक्षणीय स्थळें पाहूनही होत नाहीं. पुण्यास पुस्तकांसाठीं अप्पा बळवंत चौक आहे, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं तांबट आळी आहे. मिरजेस सतारमेकरांची वस्ती आहे. जपानच्या राजधानींत अशीच एक पेठ गिटारींची आहे. तिचें नांव ओचानोमिझू. गेल्या शरदृतूंत आम्ही उभयतां पुतण्याकडे पंधरा दिवस टोकियोस राहिलों, तेव्हां ही पेठ पाहण्याचा योग आला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज परदेशीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या खोलींत भिंतीशीं टेकलेली एखादी गिटारही असेल. त्यांच्या वडीलधाऱ्यांस ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटतें.

ओचानोमिझू म्हणजे ‘चहाचें पाणी’. पूर्वीं येथें एका मठाच्या आवारांत झरा होता व त्याचें पाणी शोगुनच्या चहासाठीं पाठविलें जाई, म्हणून हें नांव पडलें. झरा आतां उरला नाहीं. नांव मात्र राहिलें. पुतण्याचें बिऱ्हाड शहराच्या पूर्वेस एदोगावा विभागांत, निशि-कासाई येथें आहे. भारतीय कुटुंबांची तेथें इतकी दाट वस्ती आहे कीं, २०१९ सालीं एदोगावाच्या नगरसभेवर योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रांतील गृहस्थ निवडून आले. तेथून भुयारी गाडीनें निघावें, ओतेमाचीस गाडी बदलावी. मग मौज अशी होते कीं, जमिनीखालून धावणारी गाडी ओचानोमिझूच्या तोंडाशीं क्षणभर उजेडांत येते, नदीचा पूल ओलांडते आणि पुन्हां अंधारांत शिरते. ही नदी कांदा. आपल्या स्वयंपाकघराशीं तिचा कांहीं संबंध नाहीं! नदीच्या उत्तरेस कन्फ्यूशिअसचें जुनें मंदिर आहे. दक्षिणेस रशियन पंथाच्या ख्रिस्ती देवालयाचा हिरवट घुमट दिसतो. हें देवालय १८९१ मध्यें पुरें झालें, १९२३ च्या भूकंपांत त्याची पडझड झाली व १९२९ मध्यें तें पुन्हां उभें राहिलें. आणि या दोन गंभीर शेजाऱ्यांजवळून जो रस्ता मेइजी विद्यापीठावरून उतरत जातो, त्याच्या दोहों बाजूंस नुसत्या गिटारीच गिटारी!

दुकानें तीन-तीन, चार-चार मजल्यांचीं, पण अरुंद. जिन्याच्या भिंतींवरही वाद्यें टांगलेलीं. एका मजल्यावर साध्या लाकडी गिटारी, दुसऱ्यावर विजेच्या, आणि कोठें वरच्या तर कोठें तळघरांतल्या मजल्यावर आम्ही जिच्यासाठीं आलों होतों ती बास गिटार. हें वाद्य आमच्या घरांतील जुन्या माणसांस अपरिचित. तेव्हां त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. साध्या गिटारीस सहा तारा असतात, हिला बहुधा चारच. पण त्या चांगल्या जाड, आणि दोन टेकूंमधील त्यांची लांबी सुमारें ८६ सेंटिमीटर. वजन चार किलोंच्या आसपास. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. म्हणजे आपल्या पुरुषी तंबोऱ्यांतील खर्जाच्या तारेहूनही तिचा स्वर खालचा. तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तें कंपाचें विजेंत रूपांतर करतें आणि ध्वनिवर्धक यंत्र त्याचा पुन्हां नाद करतें. यंत्राशीं न जोडतां ही गिटार छेडली तर शेजारच्या खोलींतही ऐकूं जाणार नाहीं.

पूर्वीं पाश्चात्य वाद्यवृंदांत हें खर्जाचें काम डबल बास नांवाचें माणसाहून उंच वाद्य करी. तें नेण्याआणण्यास अवजड, आणि शिंगतुताऱ्यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंत सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास विजेची, पडद्यांची बास गिटार करून पाहिली होती. पण ती फारशी पसरली नाहीं. पुढें कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवच्या लिओ फेंडर यांनीं १९५१ मध्यें जी बास काढली, तिनें मात्र जग व्यापलें. फेंडर हे शिक्षणानें हिशेबनीस, धंद्यानें रेडिओदुरुस्ती करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. सतारीप्रमाणें दांडीवर पडदे बसविल्यामुळें बोट ठेवतांच स्वर नेमका लागतो, म्हणून त्यांनीं वाद्याचें नांवच ‘प्रिसिजन’ म्हणजे ‘अचूक’ असें ठेविलें. दांडी व अंग यांस त्यांनीं सरस लावली नाहीं. चार स्क्रूंनीं तीं जोडलीं. झिजलेली दांडी काढावी, दुसरी बसवावी. आज जुन्या बासांचा जो जगभर व्यापार चालतो त्याचें एक मर्म या चार स्क्रूंत आहे, आणि त्यांतील लबाडीचेंही. कारण एकाची दांडी दुसऱ्याच्या अंगास लावून ‘मूळचें वाद्य’ म्हणून विकणें त्यामुळेंच सोपें झालें.

जपानचा संबंध असा. १९७० नंतरच्या दशकांत जपानी कारखाने या अमेरिकन वाद्यांच्या इतक्या उत्तम नकला करूं लागले कीं, शेवटीं फेंडर कंपनीनें १९८२ मध्यें जपानी व्यापाऱ्यांशीं भागी केली व नागानो प्रांतांतील मात्सुमोतो येथें आपल्या नांवानें वाद्यें करविण्यास आरंभ केला. पुतण्याच्या मनांत भरलेली बास त्याच दशकांतील, मात्सुमोतोची. वयानें ती त्याच्याहून मोठी होती.

किंमत एक लक्ष अठरा हजार येन. किंमतीखालीं बारीक जपानी अक्षरांत एक यादी होती. ती त्यानें आम्हांस वाचून दाखविली. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, पहिल्या सात पडद्यांवर झीज, आवाजाचें एक बटन मूळचें नव्हे, दांडी सरळ, आंतील पोलादी सळईस अजून फिरण्यास जागा. आपल्याकडे विक्रेता मालाचे गुण सांगतो व दोष शोधण्याचें काम गिऱ्हाइकाकडे सोपवितो. येथें दोषांची यादी दुकानदारानेंच चिठ्ठीवर लिहिली होती, आणि तीमुळें मालाची पत कमी न होतां वाढली होती.

तरीही पुतण्यानें आपल्या परीनें परीक्षा केलीच. दांडीच्या टोकाशीं डोळा लावून ती बाणासारखी सरळ आहे कीं नाहीं हें पाहिलें. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदां वाजविला. एखादा पडदा वर आलेला असेल तर तार तेथें खरखरते. बटनें पुरतीं फिरविलीं. बरेच दिवस न वापरलेलें बटन फिरवितांना कुरकुरतें. दांडी जेथें अंगास मिळते तेथील फट तपासली, आणि क्रमांक टिपून घेतला. विक्रेता तरुण होता. त्यानें वाद्य स्वरांत लावून दोन्ही हातांनीं पुढें केलें आणि स्वतः चार पावलें मागें सरकून उभा राहिला. अर्धा तास झाला तरी त्यानें ‘घेणार कां?’ असें विचारलें नाहीं.

आतां अदलाबदलीची गोष्ट. जपानांत जुनें देऊन नवें घेण्यास ‘शितादोरी’ म्हणतात. पुतण्यानें आपली पहिली बास बरोबर आणिली होती. ती आमच्या कै. दादांनीं त्याला मुंबईस घेऊन दिलेली. दादांस हें वाद्य मुळींच पसंत नव्हतें. घरांत तबला असतां हा परका धडधडाट कशाला, असें ते म्हणत. पण मुलाची परीक्षा झाल्यावर स्वतः बरोबर जाऊन त्यांनीं तें घेऊन दिलें. आज दादांस जाऊन तीन वर्षें झालीं. विक्रेत्यानें वाद्य पुष्कळ वेळ तपासलें आणि नऊ हजार येन सांगितले. दांडीस किंचित पीळ आहे हें कारणही दाखविलें. एक लाखाच्या सौद्यांत नऊ हजारांनीं कांहीं अडणार नव्हतें. अडत होती ती जागा. त्याची खोली इतकी लहान कीं, दोन वाद्यें राहिलीं तर एक कपाटावर चढणार.

पुतण्या आमच्याकडे पाहूं लागला. आम्ही म्हणालों, “याचा निकाल आम्ही करूं नये. आईला विचार.” टोकियोस दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे पुण्यास साडेअकरा. वहिनी स्वयंपाकघरांतच होत्या. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, व मग एवढेंच विचारलें, “तें घेईल कोण?”

विक्रेता म्हणाला, असलीं वाद्यें बहुधा शाळकरी मुलें घेतात. येथील शाळांतून संगीताचीं मंडळें असतात व पहिलें वाद्य स्वस्त लागतें.

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “दादांनीं तें तूं वाजवावेंस म्हणून घेतलें होतें, सांभाळावेंस म्हणून नव्हे. एखादें पोर वाजवणार असेल तर दे.”

पुतण्यानें मान खालीं घालून आपलें ओळखपत्र पुढें केलें. जुना माल घेतांना विकणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवणें जपानांत बहुतेक व्यवहारांत बंधनकारक आहे. १९४९ च्या कायद्यानें अशा धंद्यास परवाना लागतो. चोरीचा माल बाजारांत जिरूं नये हा हेतु. या वाद्याच्या इतिहासांत चोरीचें दुःख मोठें आहे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत ज्यांची बास आहे ते जेम्स जेमर्सन एकाच बोटानें वाजवीत, आणि तुटल्याखेरीज तार बदलीत नसत. त्यांची १९६२ ची बास १९८३ मध्यें त्यांच्या मृत्यूपूर्वीं थोडे दिवस चोरीस गेली. जॅको पॅस्टोरियस यांनीं बासचे पडदे काढून टाकून तिच्यावर आपल्या सरोदासारखी मींड आणिली. त्यांची ती बास १९८६ मध्यें न्यूयॉर्कमध्यें नाहींशी झाली, व सुमारें वीस वर्षांनीं पुन्हां उजेडांत आली. तोंवर ते स्वतः कधींच निवर्तले होते.

नवें-जुनें वाद्य पाठीवर घेऊन पुतण्या पुढें व आम्ही मागें, असे तो उतार उतरून गेलों. उतार जेथें संपतो तेथें जिंबोचो लागतें; ही टोकियोची जुन्या पुस्तकांची पेठ. वर वाजविलेलीं वाद्यें आणि खालीं वाचलेलीं पुस्तकें, असा हा शेजार आम्हांस फार आवडला. दोन्हीकडे वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, आणि पूर्वीच्या मालकाचें बोट तिच्यावर उमटलेलें असतें.

पुढच्या रविवारीं तासावर भाड्यानें मिळणाऱ्या एका वादनशाळेंत पुतण्या व त्याचे तीन जपानी सहकारी जमले. बिऱ्हाडीं हें वाद्य कानांस यंत्र लावूनच वाजवावें लागतें, कारण खर्जाचा नाद भिंतींस जुमानत नाहीं. पहिला अर्धा तास आमच्या कानीं गाणारा, गिटारवाला आणि ताशे बडविणारा एवढेच पडले. मध्येंच पुतण्या तार लावण्यासाठीं थांबला, आणि तेंच गाणें एकाएकीं पोकळ झालें. जणूं घराखालून जोतें काढून घेतलें. सौ. हळूच म्हणाल्या, “वहिनी माहेरीं गेल्या म्हणजे आपल्या घराचें असेंच होतें.” याहून चांगलें वर्णन आम्हांस सुचत नाहीं. राहुलदेव बर्मन यांचीं गाणीं आमच्या वाचकांनीं शेंकडों वेळां ऐकलीं असतील. त्यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ बास गिटार वाजवीत. आतां तीं गाणीं पुन्हां लावावीं आणि शब्द सोडून खालचा नाद ऐकावा.

आपल्या पुष्कळ घरांत माळ्यावर एखादी पेटी, दिलरुबा, नाहींतर सतार जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेविलेली असते. ती वाजत नाहीं, आणि आजोबांची म्हणून विकलीही जात नाहीं. पण न वाजणारें वाद्य जसेंच्या तसें राहत नाहीं. भाता फाटतो, सुरांवर गंज चढतो, दांडी पीळ खाते. आपण आठवण जपतों असें म्हणतों, आणि माळ्यावर लाकूड तेवढें उरतें. घरांत वाजविणारें कोणी असेल तर या दिवाळीच्या साफसफाईंत वाद्य खालीं काढून दुरुस्तीस द्यावें. नसेल तर दोष उघड सांगून तें शिकणाऱ्या मुलाच्या हातीं द्यावें. आणि देतांना तें कोणाचें होतें, हें त्याला आवर्जून सांगावें.