खोटी कुस्ती, खरें पडणें

गेल्या वर्षीं गणपतीस तीन आठवडे राहिले असतां शाळेच्या व्हरांड्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या खांद्याचें हाड मोडलें. मधल्या सुटींत दोघे जिवलग मित्र टेलिव्हिजनवरील कुस्तीचा एक डाव करून पाहात होते. एकानें दुसऱ्यास उचललें आणि फरशीवर आपटलें. पडलेल्या मुलाचे वडील पेण येथील एका मूर्तीच्या कारखान्यांत कारागीर आहेत, आणि हा मुलगाही शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ बसून मूर्तींचे दागिने रंगवीत असे. ऐन हंगामांत त्याचा उजवा हात झोळींत अडकून राहिला. आपटणारा मुलगा रडत रडत मला म्हणाला, “सर, टीव्हीवर तर तो लगेच उठतो!” ह्या वाक्यास त्या दिवशीं मजजवळ उत्तर नव्हतें.

पुढें आठ-दहा दिवस मीं ह्या कुस्त्या लक्षपूर्वक पाहिल्या. (पालकांनीं हंसूं नये; शिक्षकाला असलेही अभ्यास करावे लागतात.) त्यांत दोष काढणें मुळींच कठीण नाहीं. गुद्दा गालास लागण्यापूर्वींच मान मागें जाते. पंचाची पाठ नेमकी अधर्माच्या वेळीं वळलेली असते. अर्धमेला झालेला मल्ल प्रेक्षकांनीं आरोळी ठोकतांच ताठ उभा राहतो. परंतु अधिक पाहिल्यावर मला त्या मल्लांविषयीं एक प्रकारचा आदर वाटूं लागला. जो उचलला जातो तो स्वतः उडी घेऊन उचलणाऱ्यास साहाय्य करीत असतो. हनुवटी छातीस टेकवून, हात पसरून सगळ्या पाठीवर एकदम पडावयाचें, म्हणजे आघात एकाच ठिकाणीं बसत नाहीं. हें शिकण्यांत त्यांचे महिनेच्या महिने जातात. त्यांच्या आखाड्याची भुई म्हणजे पातळ गादी, तिच्याखालीं लांकडी फळ्या व त्यांच्याखालीं लोखंड. वैऱ्यांसारखे दिसणारे ते दोघे वस्तुतः एकमेकांच्या मानेची राखण करीत असतात. आमच्या मुलांनीं वैर तेवढें पाहिलें. राखण त्यांना कोणी दाखविली नव्हती.

ह्या धंद्यांतील सर्वांत मोठ्या अमेरिकन कंपनीनें, जिला आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात, १९८९ सालीं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढें आपण होऊन कबूल केलें कीं हा सामना नसून करमणूक आहे. ही कबुली सत्यप्रीतीनें दिली असें मात्र नाहीं. खेळांवरील सरकारी देखरेख व कर चुकावे हा हेतु होता. तरी कबुली ती कबुलीच. नाटकास नाटक म्हणून तिकीट लावलें तर त्यास लबाडी कोण म्हणेल? माझा आक्षेप निराळा आहे. २३ मे १९९९ रोजीं कॅन्सस सिटी येथें ओवेन हार्ट नांवाच्या मल्लाला छताकडून दोरानें आखाड्यांत उतरविण्याचा देखावा योजिला होता. बंधन सुटून तो खालीं कोसळला व मरण पावला. पाहणाऱ्यांपैकीं कित्येकांना तोही खेळाचाच एक भाग वाटला. आणि त्या रात्रींचा खेळ पुढें चालूं राहिला.

मग खरी कुस्ती नेहमीं रंगतदार असते काय? १९१० सालीं लंडन येथें गामा पहिलवानापुढें झ्बिश्को नांवाचा पोलिश मल्ल अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक जमिनीस चिकटूनच राहिला आणि कुस्ती बरोबरींत सुटली. लोक जांभया देत असतील यांत शंका नाहीं. १९२८ सालीं पतियाळा येथें तेच दोघे पुन्हां भिडले, तेव्हां गामानें त्यास एका मिनिटाच्या आंत चीत केलें. खऱ्या कुस्तींत सारें सोंवळेंच असतें असेंही नव्हे. २०२५ सालीं अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत निकाल न पटल्यामुळें एका नामांकित मल्लानें पंचास लाथ मारली व त्याला तीन वर्षांची बंदी झाली. पवित्र शास्त्रांतील याकोब यब्बोकच्या उताराशीं रात्रभर झुंजला तेव्हां तेथें प्रेक्षक कोणीच नव्हता, आणि उजाडल्यावर तो लंगडत चालूं लागला. तो कांहीं लगेच उठला नाहीं.

हें सर्व वर्गांत सांगतां सांगतां मला माझी स्वतःची एक कुस्ती सांगावी लागली. माझें बालपण रोह्याकडील एका खेड्यांत गेलें. भात निघाल्यावर मोकळ्या शेतांत जत्रेच्या कुस्त्या होत. खालूबाजा वाजत असे. लहानग्यांना रेवड्या, त्यांहून मोठ्यांना नारळ व रोख इनाम. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. ज्याच्याशीं माझी जोड लागली तो माझा शेजारी, मजहून पुष्कळ बळकट. आदल्या सायंकाळीं नदीवर आम्हीं दोघांनीं ठरविलें कीं त्यानें बराच वेळ झुंजून पडावें. दुबळा जिंकला म्हणजे लोक खुशीनें अधिक इनाम देतील, हा त्याचा हिशेब. तें निम्मेंनिम वांटून घ्यावयाचें. असल्या कुस्तीस नूरा कुस्ती म्हणतात, हें मला मागाहून कळलें.

तो ठरल्याप्रमाणें पडला. लोकांनीं मला खांद्यावर घेतलें. वीस रुपये जमले. त्याचे वडील, ज्यांना मी काका म्हणत असें, गर्दींत उभे होते. ते मुलावर रागावले नाहींत. त्यांनीं त्याच्या पाठीची माती झटकली, मग मजकडे येऊन, “शाबास रे पोरा, चांगला लढलास,” असें म्हणून कनवटीचे पांच रुपये माझ्या हातावर ठेवले. मित्राकडे पाहण्याचें मला धैर्य झालें नाहीं. काका आज हयात नाहींत. टीव्हीवरील मल्लांस लबाड म्हणावयास मी तोंड उघडलें कीं मला ते पांच रुपये आठवतात.

वर्ग स्तब्ध होता. हात अजून झोळींतच असलेला तो मुलगा मागच्या बांकावरून उठला. “सर, ते पांच रुपये तुम्ही परत केलेत का?”

“नाहीं,” मीं म्हटलें. तेवढ्यांत तासाची घंटा झाली. पण मुलें जागचीं उठलीं नाहींत.