पायदल

“काहून भाऊ, गाडी बिघडली का?”

गेल्या डिसेंबरात मोहगावला एकाच सकाळी हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. चौघांनीही मोटारसायकल थांबवली आणि चौघांनीही “बसा मागं, सोडून देतो” म्हटलं. मी, माझी ८ वर्षांची लेक आणि ७१ वर्षांचे बाबा असे आम्ही तिघं पायी चाललो होतो. नुसतं फिरायला निघालोय हे उत्तर कुणालाच पटेना. शेवटी चौथ्याला बाबांनीच सांगितलं, “पोट्टी विलायतेची हाये. तिकडं असेच पायदल फिरतेत.” तेव्हा कुठे तो हसून पुढे गेला.

मंडळाच्या कार्यक्रमात मला नेहमी विचारतात, “तुम्ही मध्य प्रदेशातले, मग मराठी कसं?” तर मोहगाव हे सौंसर तहसिलातलं, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणाऱ्या संत्र्यांच्या पट्ट्यातलं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. आमच्याकडे घर मराठीत चालतं आणि कागद हिंदीत. सातबारा नाही, खसरा. तलाठी नाही, पटवारी.

बाबांनी मोटारसायकलवाल्याला सांगितलं ते मात्र खरं होतं. चालायची गोडी मला इकडे शेफील्डला लागली. बी.ई.ची चार वर्षं आणि नंतरची पुण्यातली नोकरी यांत मी चाललो असेन तर पार्किंगपासून लिफ्टपर्यंत. इथे आल्यावर एका सहकाऱ्याने रविवारी ग्रिंडलफर्ड स्टेशनवर बोलावलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाट पाहिली असेल. स्टेशनबाहेर पडलं की लगेच पॅडली गॉर्जची ओकची राई सुरू होते. ओढ्याच्या कडेने सावकाश चढत गेलं की झाडं संपतात आणि लाँगशॉचं मोकळं माळरान लागतं. ऑगस्टात ते हेदरने जांभळं झालेलं असतं. लहान मूल सोबत असलं तरी जमेल इतकी सोपी वाट. राईत आणि माळावर जुन्या जात्यांच्या गोल तळ्या पडलेल्या दिसतात. एके काळी इथल्या दगडाची जाती घडवत, धंदा बसला तशी ती तिथेच राहिली.

सुरुवातीला मला सारखं वाटायचं की आता कुणीतरी ओरडणार. कारण इथल्या कितीतरी वाटा लोकांच्या खासगी कुरणांतून जातात. पण फाट्यावर पिवळा बाण असतो, आडव्या दगडी भिंतीला चढायला पायऱ्या असतात आणि नकाशावर हिरव्या तुटक रेषेने ती वाट दाखवलेली असते. हा हक्क सहज मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण किंडर स्काउटच्या बंदी असलेल्या माळावर मुद्दाम चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली आणि २००० च्या कायद्याने माळरानं चालणाऱ्यांना खुली झाली. शिवाय एखादी वाट लोक २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापरत असतील, तर ती सार्वजनिक मानली जाते. सॉफ्टवेअरवाल्या डोक्याला हे फार आवडलं. नोंद आहे, म्हणून वाट आहे. आपल्याकडे असं काही नाही, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

डिसेंबरात गावी जाताना माझ्या डोक्यात वेगळाच विषय होता. आमचं ४ एकर वावर आहे, त्यात संत्र्याची बाग. बाबांचे गुडघे गेले आहेत. मी इथे आणि बहीण बंगळुरूला. वावर विकावं, आईबाबांनी नागपूरला फ्लॅटमध्ये राहावं, असं आम्ही भावंडांनी फोनवर ठरवलं होतं. सांगायचं काम माझ्याकडे आलं. घरात समोरासमोर बसून ते काही तोंडातून निघेना. चालताना दोघांची नजर समोर असते, त्यामुळे अवघड गोष्टी बोलता येतात, हे मी रविवारच्या फिरण्यात शिकलो होतो. म्हणून तिसऱ्या दिवशी म्हटलं, “बाबा, आज वावरात पायी जाऊ. जुन्या पांदणीनं.”

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग आईला म्हणाले, “काठी कुठं हाये माही?”

आईने पोळी, बेसन आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. अर्धनारीश्वराच्या देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि गाव मागे टाकलं. सकाळचे आठ वाजले होते, उन्हाचा त्रास नव्हता. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, कापसाची वेचणी चालू होती. हरभऱ्यावरच्या दवाने लेकीचे बूट ओले झाले. तिला बाबांनी हरभऱ्याची कोवळी पानं तोडून दिली. आंबट लागली म्हणून तिने आणखी मागितली.

पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, मध्ये चाकोऱ्या. लहानपणी मी याच वाटेने दमणीत बसून बागेत जायचो. डांबरी रस्ता झाला आणि बाबा स्कूटरने वळसा घालून जायला लागले. तीन वर्षांत आमच्या घरातलं कुणी या पांदणीत पाय ठेवला नव्हता. बाभळी आत झुकल्या होत्या, बेशरम माजली होती. बाबा काठीने फांद्या बाजूला करत, थांबत, श्वास घेत चालले होते.

मी फोनवर जीपीएस चालू केलं होतं. उपग्रहाच्या नकाशात तिथे नुसता हिरवा-तपकिरी तुकडा दिसत होता. बाबांना मात्र दर पन्नास पावलांवर एक ठिकाण होतं. “हे जळकं मोह. वीज पडली होती.” “ही आंधळी विहीर, पाणी दिसत नाही म्हणून.” “इथून म्हातारीचा उतार. कोणती म्हातारी ते माह्या बापालेही मालूम नोहतं.” मी एकेक खूण फोनमध्ये टाकत गेलो. मोहगावच्या नावातच मोह आहे आणि ३६ वर्षांचा होईपर्यंत मला पानांवरून मोहाचं झाड ओळखू येत नव्हतं. हे मी बाबांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. पुढच्या झाडापाशी त्यांनी नातीला विचारलं, “हे कोणतं?” तिने बरोबर सांगितलं.

नाल्याच्या उतारावर पाय ठेवायला एक गोल दगड बसवलेला होता, मधोमध भोक असलेला. लेक ओरडली, “बाबा, लाँगशॉसारखा!” ती आमच्या पणजीच्या जात्याची तळी होती. गिरणी आल्यावर आजोबांनी ती नाल्यात पायरी म्हणून टाकली, असं बाबा म्हणाले. मी त्या दगडावरून शेकडो वेळा उतरलो असेन. कधी विचारलं नव्हतं.

त्यापुढे वाट संपली. निम्मी पांदण नांगरून शेजारच्या वावरात घेतलेली, उरलेल्या भागात आडवी तार. माझं डोकं तापलं. आमचा आवाज ऐकून त्या वावराचा मालक आला. बाबांना पाहून ओशाळला. “कोनी येतच नोहतं काका. मले वाटलं, वाट बंद झाली.”

बाबा नुसते म्हणाले, “आज आलो ना.”

त्याने तार वर उचलून धरली. आम्ही वाकून पलीकडे गेलो.

बागेत पोचल्यावर मी इंग्लंडमधला पायवाटांचा कायदा सांगायला सुरुवात केली. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याकडंही हाये.” मला खरंच माहीत नव्हतं. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत गावाचं वाजिब-उल-अर्ज असतं. त्यात गावाच्या वहिवाटी आणि येण्याजाण्याचे हक्क नोंदतात. वावरात जायच्या वाटेवरून वाद झाला, तर कलम १३१ खाली तहसीलदार निकाल देतो. बाबांना सगळं पाठ होतं.

“मग अर्ज का नाही केला?”

“अर्ज केला तं वाट भेटन. पन शेजारी जाईन. आन् खरी गोष्ट सांगू का? तो खोटं नाही बोलला. आपुनच चाललो नाही.”

बागेला ताण दिलेला होता. आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की फुलं येतात, हे बाबा नातीला समजावत होते. झाडाला मुद्दाम तहान लावायची, हे काही तिला पटलं नाही. तोडणीतून सुटलेली चार संत्री एका झाडावर होती. ती खात बसलो असताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू कायले आणलं मले इथं, ते समजते. तुह्या बहिणीनं आईले सांगतलं.”

मी काहीच बोललो नाही.

“विकाचं असन तं वीक. मी नाही म्हणणार नाही. पन आपलं कुठून कुठपर्यंत हाये, ते एकदा पायानं पाहून घे. कागद पाहून विकू नको.”

मग काठी घेऊन ते उठले आणि आम्ही चारही धुऱ्यांवरून चालत गेलो. चार एकरांना एक तास लागला. मध्ये दोनदा ते बसले. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीची रेघ अजून आहे, खुणांसकट. परत येताना मात्र त्यांना चालवेना. तेव्हा रस्त्यावर येऊन आम्हीच एका मोटारसायकलला हात केला.

हे लिहायचं कारण एवढंच. आपल्या मंडळातली आम्ही तिशी-चाळिशीतली माणसं सुट्टीत गावी जातो, तेव्हा दहा दिवसांत पाच लग्नं आणि तीन देवस्थानं करतो. त्यातली एक सकाळ बाजूला काढा. हिवाळ्यात जा, बंद बूट घाला, पाणी घ्या, पोरांना न्या. आणि ज्यांना वाट माहीत आहे, त्यांना पुढे चालू द्या. ते हळू चालतील, तुम्हीही हळू चाला. दोन-तीन किलोमीटर पुरे.

वावराचं अजून ठरलेलं नाही. बहीण विचारते, मी पुढे ढकलतो. बाबा आता दर रविवारी शेजारच्या पोराला घेऊन नाल्यापर्यंत जातात, दगडावर बसतात आणि परत येतात. तार अजून आहे, पण एका बाजूने सोडवून खांबाला गुंडाळून ठेवलेली असते, असं ते म्हणाले. मोह चैत्रात फुलतो. तेव्हा ये म्हणाले आहेत. लेकीने तिकिटाचं विचारून ठेवलंय.