सरे स्ट्रीटचें वाडगें व दादरची जुडी

'क्रेय' आणि 'क्रय्य' या दोन शब्दांतील भेद मीं वर्गांत कित्येक वर्षें मुलांना समजावून दिला. जें विकत घेण्याजोगें आहे तें क्रेय. परंतु जें विक्रीसाठीं मांडून ठेविलें आहे तेंच क्रय्य. पाणिनीनें त्यासाठीं मुद्दाम एक सूत्र रचिलें आहे. मुलें तें पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरत. गुरुजींना मात्र त्याचा अर्थ उमगावयास सेवानिवृत्तीनंतर विलायतेची वारी करावी लागली. ती हकीकत वाचकांस सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच.

आमचे चिरंजीव लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथें असतात. २०१८ च्या जूनअखेरीस आम्हीं उभयतांनीं तिकडे जावयाचें ठरलें. निघण्यापूर्वीं पहिला पाऊस पडून गेला होता. तेव्हां शेवळांची भाजी खाऊनच निघावयाचें, असें मंडळींनीं फर्माविलें. त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळें ठाकूरद्वाराहून दादरला मीच गेलों. दादर स्थानकाच्या पश्चिमेस पालघर-वसईकडून पहांटेच्या गाडीनें आलेल्या आदिवासी बायका ओळीनें बसतात. शेवळें, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळीं अशा रानभाज्या पावसाळाभर त्यांच्या पाट्यांतून येत असतात. तेथें तराजू नसतो. जुडी किंवा वाटा हेंच माप. एका बाईनें शेवळांच्या जुडीचे ३० रुपये सांगितले. मीं २० म्हटलें, चालूं लागलों, पुन्हां वळलों. अखेर २५ ला सौदा पटला. पांच रुपये वांचविल्याच्या आनंदांत मी घरीं आलों.

क्रॉयडनला सरे स्ट्रीट नांवाची एक उतरती गल्ली आहे. त्या गांवीं बाजार भरविण्याची सनद कँटरबरीच्या आर्चबिशपांस १२७६ सालीं मिळाली. तेव्हां देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता! दर शनिवारीं सूनबाईबरोबर पिशवी घेऊन मी तेथें जाऊं लागलों. उघड्यावर मांडलेले गाडे, वर कापडी छपरें आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या. भाषा वेगळी, पण सूर अगदीं आपल्या भाजीगल्लीचा. टोमॅटो, मिरच्या, केळीं, आलें यांचीं भरलेलीं वाडगीं ओळीनें ठेविलेलीं असत. कोणतेंहि वाडगें एका पौंडाला. तें आपल्या पिशवींत ओतून घ्यावयाचें. ब्रिटनमध्यें वजनाचे कायदे मोठे कडक आहेत. सुंदरलंडच्या स्टीव्हन थोबर्न या फळविक्रेत्यास जुन्या मापाचा तराजू वापरल्याबद्दल २००१ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें होतें. पण वाडगें म्हणजे वजन नव्हेच. तो आपला वाटाच होय, हें पाहून मला फार बरें वाटलें.

पहिल्याच शनिवारीं मीं मिरच्यांच्या वाडग्याकडे बोट करून अर्ध्या पौंडांत देतां का, असें विचारलें. विक्रेता हंसला आणि त्यानें पुठ्ठ्यावरील आंकडा दाखविला. मीं निमूटपणें नाणें पुढें केलें. पौंडाचे तेव्हां सुमारें ९० रुपये होत. त्यानंतर दहाबारा शनिवार मीं असेंच नाणें देत गेलों. एकदांहि घासाघीस केली नाहीं.

एके दिवशीं परत येतांना सूनबाई सहज म्हणाली, "बाबा, इथें तुम्ही भाव करीत नाहीं. मग दादरला कसा करतां?"

मला उत्तर सुचेना. पुठ्ठ्यावरील आंकड्यापुढें जी जीभ मुकी होते, तीच पाटीपुढें एवढी धीट कां व्हावी? ती बाई रानांत हिंडून मातींतून वर आलेला एक एक कोंब खुडते, जुड्या बांधते आणि गाडीची गर्दी सोसून दादरला येते. तिच्या श्रमांचे पांच रुपये मीं स्वतःच्या चातुर्याची कमाई समजलों होतों.

२०१९ सालीं मुंबईस पाऊस जूनच्या अखेरीस आला. शेवळें आल्याचें कळतांच मी दादरला गेलों. बसलेली बाई गतवर्षींचीच कीं दुसरी, हें मला सांगतां येईना. तेव्हां मीं फक्त जुडी पाहिली होती, चेहरा पाहिलाच नव्हता. तिनें ४० रुपये सांगितले. मीं ४० दिले. तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, पाटीच्या तळांतून मूठभर काकडें काढिलीं आणि माझ्या पिशवींत टाकिलीं.

"हीं घाला, दादा, नायतर घसा खाजंल."

शेवळांची खाज काकडांच्या आंबटपणानें जाते, हें प्रत्येक सुगरणीस ठाऊक आहे. मीं त्यांचे पैसे विचारले. तिनें नुसती मान हालविली. काकडें क्रेय होतीं, पण क्रय्य नव्हतीं.

घरीं येऊन हा सर्व वृत्तांत मीं मंडळींस मोठ्या उत्साहानें सांगितला. त्या शेवळें निवडीत होत्या. मान वर न करतांच म्हणाल्या, "मी जात असें तेव्हां मला तर त्या नेहमींच घालीत. तुम्हीच दरवेळीं काकडांवांचून येत होतां."