न मागितलेलं कर्ज

आपल्याकडे जनाजाच्या नमाजआधी मय्यताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, "मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर मला भेटा." कर्ज डोक्यावर घेऊन दुनियेतून जाऊ नये, ही भीती लहानपणापासूनच आपल्यात मुरलेली असते. म्हणूनच सोलापूरच्या माझ्या खालाला बँकेचं पत्र आलं, तेव्हा रकमेपेक्षा ‘येणे बाकी’ या शब्दांनीच ती जास्त हादरली.

खालू शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर खालाला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. नियम असा की, ते सुरुवातीची ठरावीक वर्षं वाढीव दरानं मिळतं आणि मुदत संपली की शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांवर येतं. मुदत कधी संपते, हे खालाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी दर उतरवायचा, ते अडीच वर्षं विसरले. मग दोन लाखांहून जास्त रक्कम ‘जादा दिली गेली’ म्हणून निघाली आणि आधीच उतरलेल्या पेन्शनीतून तिसरा हिस्सा कापला जाऊ लागला.

"बेटा, मी कुणाचे पैसे खाल्ले?" खाला विचारायची.

पैसे खर्च झाले होते, हे खरंच. पण कशात? ज्वारीत, साखरेच्या गोळ्यांत, नातीच्या वह्यांत. श्रीमंताकडे जादा आलेला पैसा शिल्लक राहतो, गरिबाकडे त्याची भाकरी होते. ती परत मागणं म्हणजे उद्याच्या ताटातली भाकरी उचलणं.

एका वकील मित्रानं मला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समजावून सांगितले. पहिला 2014 चा, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. निकालात रफिकच्या नावापुढे कंसात ‘व्हाइट वॉशर’ लिहिलं आहे, म्हणजे चुना मारणारा. वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी, निवृत्त माणसं, किंवा वसुली अन्यायकारक ठरेल अशी परिस्थिती असेल, तर चुकून दिलेली जादा रक्कम वसूल करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. दुसरा 2016 चा. त्यातले जगदेव सिंग दिवाणी न्यायाधीश होते. जादा रक्कम परत करीन, असं हमीपत्र त्यांनी दिलेलं होतं, म्हणून वसुली वैध ठरली. तरीही न्यायालयानं दोन वर्षांचे हप्ते बांधून दिले.

खालाच्या कागदांतही असं एक हमीपत्र निघालं. खातं उघडताना बँकेनं पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर तिची उर्दूतली सही होती. न्यायाधीशानं वाचून केलेली सही आणि खालानं न वाचता केलेली सही, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

आम्ही अर्ज दिला. महिनावार हिशेब मागितला, औषधांच्या चिठ्ठ्या जोडल्या, वर रफिक मसीहचा हवाला दिला. चार फेऱ्यांनंतर कपात हजार रुपयांवर आली. माफी मात्र मिळाली नाही. कोर्टात जायला खाला तयार नाही.

मी तिला सांगतो, कर्ज ते, जे माणूस मागून घेतो. हे तू मागितलं नव्हतंस. तिला ते पटत नाही. हजार रुपये कापल्याची नोंद पासबुकात दिसली की तिला उलट बरंच वाटतं.

पेन्शनच्या आदेशात वाढीव दराची शेवटची तारीख लिहिलेली असते. आपल्या घरात अशी कुणी खाला, फुफी असेल, तर ती तारीख तिला वाचून दाखवा.